बायबलमधील स्थळे : खूण आणि आठवण

भायखळ्याच्या एका रविवारच्या धर्मशिक्षणवर्गात काही वर्षे शिकवण्याची संधी प्रस्तुत लेखकाला लाभली. वर्गात फळ्याशेजारी एक तक्ता टांगलेला असे. त्याच्या डाव्या रकान्यात बायबलमधील स्थळांची नावे व उजव्या रकान्यात त्यांचे ‘आध्यात्मिक अर्थ’ दिलेले होते : इजिप्त म्हणजे पाप, तांबडा समुद्र म्हणजे बाप्तिस्मा, रान म्हणजे परीक्षा, यार्देन म्हणजे मृत्यू आणि कनान म्हणजे स्वर्ग. मुले तो तक्ता पाढ्यासारखा म्हणून दाखवीत. एका आगमनकाळात, नाताळ तोंडावर आला असताना, दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाने उभे राहून विचारले, “सर, इजिप्त म्हणजे पाप, तर मग योसेफाने बाळ येशूला इजिप्तलाच कशाला नेलं?”

त्या दिवशी त्याला जे उत्तर मिळाले ते वेळ मारून नेणारे होते. परंतु प्रश्न खरा होता आणि तो त्या एका तक्त्यापुरता नव्हता. आपली प्रवचने, ध्यानपुस्तिका, तपसाधनेतील व्याख्याने आणि मराठी ख्रिस्ती साहित्याचा बराचसा भाग बायबलमधील स्थळांकडे याच दृष्टीने पाहत आला आहे. स्थळ आले की त्याचा अर्थ सांगावयाचा. अर्थ सांगून झाला की स्थळ सोडून द्यावयाचे. ही पद्धत श्रद्धेच्या वाढीस कितपत उपकारक आहे आणि मराठीत तिच्याहून वेगळी वाट कोणी चोखाळली आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

परंपरेचा आधार

प्रथम हे मान्य केले पाहिजे की स्थळांचा आध्यात्मिक अर्थ लावणे ही कोणा उत्साही प्रवचनकाराची लहर नव्हे. तिला ख्रिस्तसभेच्या आरंभीच्या शतकांचा आधार आहे. तिसऱ्या शतकात ओरिगेन याने गणना या ग्रंथावरील आपल्या सत्ताविसाव्या प्रवचनात इस्राएली लोकांच्या बेचाळीस मुक्कामांचा विचार केला. इजिप्त सोडल्यापासून यार्देनच्या काठापर्यंतचे ते मुक्काम म्हणजे आत्म्याच्या वाढीचे बेचाळीस टप्पे, असे तो मानतो. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन कॅशियनने पवित्र शास्त्राचे चार अर्थ सांगताना उदाहरण घेतले ते जेरुसलेमचेच : इतिहासदृष्ट्या ती यहुद्यांची नगरी, रूपकदृष्ट्या ख्रिस्तसभा, नीतिदृष्ट्या मानवी आत्मा आणि अंतिम दृष्टीने स्वर्गीय नगरी. संत पौलानेही तांबड्या समुद्रातून जाणाऱ्या पूर्वजांविषयी लिहिताना बाप्तिस्म्याचेच स्मरण दिले आहे.

मात्र कॅशियनच्या मांडणीत एक गोष्ट आहे, जी आपल्या तक्त्यात नव्हती. त्याच्या चार अर्थांपैकी पहिला अर्थ खरीखुरी नगरी हा आहे आणि उरलेले तीन त्या पहिल्यावर उभे आहेत. ओरिगेनच्या बेचाळीस मुक्कामांतही एक मुक्काम पुढच्यात विरून जात नाही. प्रत्येक ठिकाणी थांबावे लागते, तंबू ठोकावा लागतो आणि पुन्हा उपटावा लागतो. आपल्याकडे येईपर्यंत या समृद्ध परंपरेतून टप्पे गळाले, नगरी गळाली आणि उरले ते केवळ समीकरण.

समीकरणाचा दोष असा की ते पवित्र शास्त्रालाच सोसवत नाही. इजिप्तचेच पाहा. अब्राहाम दुष्काळात तेथे तगून राहिला. भावांनी विकलेला योसेफ तेथेच मोठा झाला आणि त्याने त्याच भावांना तेथले धान्य दिले. पुढे तेथेच गुलामगिरी आली, विटा आल्या, मुकादमाचे फटके आले. एवढे सोसूनही अनुवाद या ग्रंथात नियमशास्त्र बजावते की, इजिप्तच्या माणसाचा तिरस्कार करू नकोस, कारण तू त्याच्या देशात उपरा होतास. आणि शेवटी हेरोदाच्या तलवारीपासून बाळ येशूला आश्रय मिळाला तोही याच देशात. तेव्हा इजिप्त म्हणजे पाप नव्हे. इजिप्त म्हणजे जेथे पोट भरले, जेथे पाठ मोडली आणि जेथे जीव वाचला, अशी जागा. मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या गिरणगावातील माणसाला हे समजावून सांगावे लागू नये.

तात्पर्य, बायबलमधील स्थळ ही खूण नसून आठवण आहे. खुणेचा अर्थ एकच असतो आणि तो पाठ करता येतो. आठवण थरांनी साठते. तिच्याकडे परत परत जावे लागते आणि दर वेळी जाणारा माणूस बदललेला असतो. श्रद्धेच्या वाढीसाठी उपयोगी पडते ती ही दुसरी गोष्ट.

इग्नेशियसची पावले, स्टीफन्सची ओवी

हा विचार मराठीला अगदीच अपरिचित नाही. किंबहुना मराठी ख्रिस्ती साहित्याच्या उगमापाशीच तो आहे. त्याचे मूळ शोधताना प्रथम लोयोलाच्या संत इग्नेशियसकडे वळावे लागते. १५२३ साली इग्नेशियस जेरुसलेमला गेला. तेथेच कायमचे राहावे ही त्याची इच्छा होती, परंतु पवित्र भूमीची व्यवस्था पाहणाऱ्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी त्याला परत जाण्याची आज्ञा केली. निघण्यापूर्वी तो एकटाच जैतुनाच्या डोंगरावर गेला. तेथील एका खडकावर प्रभूच्या स्वर्गारोहणसमयीची पावले उमटली आहेत, अशी समजूत होती. पहारेकऱ्यांना आपला चाकू देऊन त्याने ती पाहिली. पुढे गेल्यावर त्याच्या ध्यानात आले की उजवे पाऊल कोणत्या दिशेला होते आणि डावे कोणत्या, हे नीट पाहावयाचे राहून गेले. तो परत फिरला आणि या वेळी कात्री देऊन पुन्हा आत गेला. ही हकिगत त्याने स्वतःच्या आत्मकथनात सांगितली आहे.

याच माणसाने पुढे आपल्या ‘आध्यात्मिक साधने’त प्रत्येक चिंतनाच्या आरंभी स्थळाची उभारणी करावी असा नियम घालून दिला. नाझरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता डोळ्यांपुढे आणावा. तो किती लांब, किती रुंद, सपाट आहे की दऱ्याडोंगरांतून जाणारा, हे पाहावे. जन्माची गुहा केवढी, उंच की ठेंगणी, हेही पाहावे. अर्थ नंतर, आधी रस्ता. ज्याला जेरुसलेममध्ये राहू दिले नाही, त्याने जेरुसलेम सर्वांना घरबसल्या उभारता येईल अशी रीत शोधून काढली, असे म्हटले तर चूक होणार नाही.

फादर थॉमस स्टीफन्स हा याच येशूसंघाचा धर्मगुरू. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा मनुष्य १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली तेथेच निवर्तला. १६१६ साली राशोल येथे छापलेले त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत होते. पहिल्या पुराणात छत्तीस आणि दुसऱ्यात एकोणसाठ अवस्वरू, मिळून सुमारे अकरा हजार ओव्या, असा त्याचा विस्तार आहे. ज्या नवख्रिस्ती लोकांच्या हातून जुन्या पोथ्या गेल्या होत्या, त्यांनी त्यांच्या जागी काय वाचावे व गावे, या मागणीतून हा ग्रंथ जन्मला, असे ग्रंथातच सांगितले आहे. त्या पोथ्या कशा गेल्या हा इतिहास सुखद नाही आणि तो झाकण्याचे कारणही नाही. पण मागणी करणाऱ्यांना सिद्धान्तांची यादी नको होती, कथा हवी होती; आणि कथेला स्थळ लागते.

स्टीफन्सने बेथलेहेम, नाझरेथ, जेरुसलेम यांच्या जागी पंढरपूर वा काशी आणले नाही. नावे परकीच ठेवली. ओवी मात्र येथली घेतली, आणि ओवीबरोबर येथला श्रोता, येथली सभा, येथली चाल आपोआप आली. स्वर्गासाठी मात्र त्याने ‘वैकुंठ’ हा शब्द निःशंकपणे वापरला. या निवडीमागे एक विवेक दिसतो. पृथ्वीवरच्या जागा ज्याच्या त्याच्या. त्या बदलता येत नाहीत, कारण तेथे काही घडले आहे. स्वर्ग मात्र कोणी पाहिलेला नाही. तेव्हा त्याच्यासाठी श्रोत्याच्या ओढीचा शब्द घ्यावा.

या विवेकावर आक्षेप घेता येतो आणि तो मराठीतच घेतला गेला आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केडगावच्या मुक्तिसदनात केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. जुन्या धर्मकल्पनांचा वास असलेले संस्कृत शब्द टाळावेत, साध्या स्त्रीला कळेल असे लिहावे, हा त्यांचा कटाक्ष होता. ज्या शब्दांच्या छायेत त्यांनी स्वतः वैधव्याचे आणि तीर्थाटनाचे दुःख पाहिले होते, त्या शब्दांबद्दल त्यांना स्टीफन्सइतका विश्वास वाटणे शक्य नव्हते. स्टीफन्सच्या बाजूला आपलेपणा आहे, रमाबाईंच्या बाजूला सावधपणा. प्रस्तुत लेखकाचा कौल स्थळांच्या बाबतीत स्टीफन्सकडे झुकतो; परंतु रमाबाईंचा प्रश्न विसरून नव्हे. शब्द आपल्याबरोबर कोणती जमीन घेऊन येतो, हा तो प्रश्न आहे.

रान, अरण्य आणि माळ

या प्रश्नाची कसोटी पाहण्यास ‘रान’ हे उत्तम उदाहरण आहे. प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी आपण ऐकतो की प्रभू येशू चाळीस दिवस अरण्यात होता. प्रचलित मराठी बायबलमध्ये जुन्या करारात बहुधा ‘रान’ आणि शुभवर्तमानात ‘अरण्य’ असा शब्द येतो. आता मराठी मनात ‘अरण्य’ म्हटले की काय उभे राहते? घनदाट झाडी, ऋषींचे आश्रम, रामाचा वनवास. ‘वाळवंट’ म्हणावे तर चंद्रभागेचे वाळवंट आठवते, जेथे वैष्णवांचा मेळा नाचतो. हे दोन्ही शब्द सुंदर आहेत, पण दोन्ही आपल्याला भलत्याच जागी नेऊन सोडतात. अरण्यात सावली आहे, वाळवंटात सोबत आहे. आणि शुभवर्तमानातील त्या चाळीस दिवसांत या दोन्ही गोष्टी नाहीत.

मूळ हिब्रू शब्द ‘मिद्‌बार’ हा रखरखीत वाळूचा वाचक नाही. शेती पिकत नाही, वस्ती ठरत नाही, पण पाऊस पडला तर गवत उगवते आणि मेंढरे हाकीत नेता येतात, अशी ती जमीन. दख्खनच्या माणसाला तिचे नाव ठाऊक आहे : माळरान. सातारा, सांगली, अहिल्यानगर, बीड या भागांतील माळावर धनगर मेंढरे घेऊन फिरतो. पाणी कोठे आहे हे त्याला ठाऊक असावे लागते, नाही तर कळप मरतो. मोशे सासऱ्याची मेंढरे घेऊन जेथे गेला आणि जेथे त्याला जळते झुडूप दिसले, ती जागा अशीच होती. एलिया जेथे मरण मागत निजला आणि ज्याला उठवून भाकर दिली गेली, ती जागाही अशीच.

आता ‘रान म्हणजे परीक्षा’ हे समीकरण पुन्हा पाहावे. माळावर परीक्षा होतेच, पण तेथेच मान्नाही मिळतो, तेथेच नियमशास्त्र मिळते. होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथात देव आपल्या चुकलेल्या लोकांना पुन्हा त्याच रानात नेतो, ते शिक्षा करण्यासाठी नव्हे, तर मनधरणी करण्यासाठी. दुष्काळी भागातून मुंबईला आलेल्या आपल्या मराठी कॅथलिक कुटुंबांना माळ ठाऊक होता. त्यांना ‘अरण्या’चा अर्थ समजावण्यात आपण पिढ्या घालवल्या. ‘तुमच्या गावाकडचा माळ आठवा’ एवढे म्हटले असते, तर बाकीचे त्यांनीच आपल्याला शिकवले असते.

उतरणीचा रस्ता आणि तेलाचा घाणा

स्थळाचा प्रत्यक्ष आकार कळला की दाखला कसा खोल जातो, याची आणखी दोन उदाहरणे थोडक्यात पाहू. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात एक मनुष्य जेरुसलेमहून यरीहोला ‘खाली’ जात असतो. हा रस्ता सुमारे सत्तावीस किलोमीटरांचा, आणि तेवढ्यात तो साधारण हजार मीटर खाली उतरतो. यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली आहे. खंडाळ्याच्या घाटात आपण जेवढे उतरतो, त्याहून ही उतरण कितीतरी अधिक. जुन्या भाष्यकारांनी या उतरणीत आदामाचे पतन पाहिले आणि शोमरोन्यात ख्रिस्त पाहिला. ते वाचन थोर आहे. परंतु दाखल्यातला याजकही त्याच रस्त्याने खालीच उतरत होता, हे लक्षात आल्यावर वेगळाच काटा रुततो. तो मंदिराकडे जात नव्हता. उपासना आटोपून तो घराकडे निघाला असावा. सोवळ्याची अडचण ही सबब त्याला तितकीशी पुरत नाही. मिस्सा आटोपून चर्चच्या पायऱ्या उतरणाऱ्या आपल्याला हा रस्ता ओळखीचा वाटला पाहिजे.

दुसरे स्थळ गेथसेमनी. या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. जैतुनाची फळे दगडाखाली चिरडून, वर भार ठेवून तेल काढीत, त्या जागेचे हे नाव. मराठीत ‘घाणा’ म्हटले की बैल डोळ्यांपुढे येतो. डोळ्यांना झापड, गोल गोल फिरणे, संपता न संपणारा दिवस. बायबलच्या मूळ चित्रात चिरडणे आहे, मराठी चित्रात थकवा आहे. दोन्ही एकत्र आणले तर त्या रात्रीचे दोन भाग दिसतात : एकाला पिळून काढणारी वेदना आणि डोळे जड झालेले, पुन्हा पुन्हा झोपी जाणारे तिघे शिष्य. येथे आपल्या भाषेने मूळ अर्थाला बाधा न आणता भर घातली. स्टीफन्सचा मार्ग फळतो तो असा.

ज्या गावाचा पत्ता नाही

स्थळांच्या या विचारात एम्माऊसला विशेष स्थान आहे, कारण ते कोठे आहे हेच निश्चित नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या बहुतेक हस्तलिखितांत ते जेरुसलेमपासून साठ स्तादिया, म्हणजे अकराएक किलोमीटर, असे आहे; काहींत एकशे साठ आहे. त्यानुसार दोन-तीन गावे एम्माऊस असल्याचा मान सांगतात आणि यात्रेकरू त्या सगळ्यांना भेट देतात. अकरा किलोमीटर म्हणजे रेल्वेने भायखळ्याहून कुर्ल्याला जावे, जवळपास तेवढे अंतर. मन मोडलेली दोन माणसे ते चालत गेली, एका अनोळखी वाटसरूशी बोलत. भाकर मोडताना त्यांनी त्याला ओळखले आणि तेच अंतर, रात्र पडलेली असताना, ती परत चालून आली.

या शेवटच्या वाक्याकडे आपले ध्यानसाहित्य फारसे लक्ष देत नाही. एम्माऊस म्हणजे पवित्र मिस्सा, असा अर्थ सांगून ते थांबते. पण कथा एम्माऊसला संपत नाही; ती जेरुसलेमला परत येते, ज्या नगरीतून ही दोघे निराश होऊन निघाली होती तेथेच. पुनरुत्थानानंतर शिष्यांना निरोप मिळतो तोही गालीलात परत जाण्याचा, जेथे त्यांनी प्रथम जाळी टाकली होती. तक्त्यातील वाट एकदिशा आहे : इजिप्तहून निघा, कनानला पोहोचा. बायबलमधील माणसे मात्र परत येतात. श्रद्धेची वाढ म्हणजे जिन्याच्या पायऱ्या चढणे नव्हे. त्याच जागी दुसऱ्यांदा येणे आणि या वेळी ती ओळखणे, असे तिचे रूप दिसते. उपासनेचे वर्ष आपल्याला हेच शिकवते. दर वर्षी तोच गोठा, तेच रान, झावळ्यांच्या रविवारी तीच नगरी. नगरी बदलत नाही. आत जाणारा बदललेला असावा, अशी अपेक्षा असते.

जेथे माणसे राहतात

स्थळाला केवळ प्रतीक मानण्याचा आणखी एक तोटा आहे. तो वाङ्मयीन नव्हे, नैतिक आहे. प्रतीकात कोणी राहत नाही. बेथलेहेम म्हणजे नम्रता, असे म्हणताना आपण विसरतो की बेथलेहेममध्ये लोक राहतात आणि त्यांत ख्रिस्ती लोकही आहेत. २०२३ साली गाझात युद्ध पेटल्यानंतर त्या वर्षीचा बेथलेहेममधील नाताळचा सार्वजनिक उत्सव रद्द झाला. गाझा हे नाव आपण शमशोनाच्या कथेत वाचतो, प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात फिलिप ज्या वाटेवर हबशी अधिकाऱ्याला भेटला त्या वाटेच्या संदर्भात वाचतो. त्याच गाझात पवित्र कुटुंबाच्या नावाचे कॅथलिक चर्च आहे आणि जुलै २०२५ मध्ये तोफमाऱ्यात तेथे तिघांचा मृत्यू झाला. पोप फ्रान्सिस आपल्या अखेरच्या आजारपणातही त्या धर्मग्रामाला दूरध्वनी करीत, हे सर्वश्रुत आहे. आपल्यापैकी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ या नावाने त्या भूमीविषयी लिहिले. ‘संघर्ष’ आणि ‘ख्रिस्तभूमी’ हे दोन शब्द एकाच शीर्षकात ठेवणे, हेच आपल्या गोड ध्यानसाहित्याला दिलेले उत्तर होते. २०२० साली उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविलेल्या या लेखकाचे २०२४ साली निधन झाले. ही वाट चालणारे कोणी मागे उरले पाहिजे.

आणि भायखळ्याच्या वाचकाला तर याचे स्मरण देण्यास दूर जावयास नको. येथे डेव्हिड ससून याने १८६०च्या दशकात बांधलेले मागेन डेव्हिड सिनेगॉग आहे. तेथे प्रार्थनेला उभ्या राहणाऱ्या यहुद्यांसाठी जेरुसलेम हे रूपक नव्हते. ती तोंड करून उभे राहावयाची दिशा होती. कोकणातील बेने इस्राएल समाजाने तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अब्राहाम, योसेफ यांच्या कथा मराठी कीर्तनांतून गायिल्या. पुढे त्यांतील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. आज बैरशेबा, अश्दोद येथे मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. बैरशेबा ही अब्राहामाच्या विहिरीची जागा, अश्दोद पलिष्ट्यांचे नगर; आपल्या तक्त्यात या नावांपुढे जे काही लिहिले असेल ते असो, तेथे कोणाच्या तरी स्वयंपाकघरात आजही मराठी बोलली जाते.

दोन खेचरांची माती

येथे कोणी विचारील : प्रभू येशूनेच शोमरोनी स्त्रीला सांगितले नाही काय, की या डोंगरावरही नव्हे आणि जेरुसलेमातही नव्हे, तर आत्म्याने व सत्याने पित्याची उपासना केली जाईल? मग स्थळांचा एवढा आग्रह कशासाठी? संत जेरोमने बेथलेहेममध्ये राहूनच एका मित्राला लिहिले होते की स्वर्गाचे दार जेरुसलेमहून जितके जवळ, तितकेच ब्रिटनहूनही जवळ. आक्षेप वजनदार आहे. परंतु प्रभूचे ते शब्द कोठे उच्चारले गेले, हे योहानाने किती बारकाईने नोंदवले आहे पाहा : याकोबाची विहीर, भर दुपार, विहीर खोल आणि पोहरा नाही. कोणत्याही एका स्थळाची मक्तेदारी संपली, असे सांगणारे वचन एका नेमक्या स्थळी, तहानेच्या वेळी बोलले गेले. देव सर्वत्र भेटतो, याचा अर्थ तो कोठे तरी भेटतो असाच आहे. ‘सर्वत्र’ नावाच्या गावी कोणी कोणाला भेटत नाही.

आपल्या ग्लोरिया चर्चचा इतिहास याच अंगाने वाचता येतो. १६३२ साली पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या काळात माझगावात उभे राहिलेले हे चर्च १९११ ते १९१३ च्या दरम्यान भायखळ्यात नव्याने बांधले गेले. जागा बदलली, नाव राहिले. ज्या फ्रान्सिस्कन संघाने जेरुसलेममधील पवित्र स्थळे राखली, त्यानेच क्रुसाच्या वाटेची भक्ती जगभर नेली. १७३१ साली तिची चौदा स्थाने निश्चित झाली. म्हणजे जेरुसलेमचा एक रस्ता गावोगावच्या चर्चच्या भिंतींवर आला, आणि ज्याला तिकिटाचे पैसे कधीच जमणार नाहीत अशा गिरणीकामगारालाही शुक्रवारी संध्याकाळी कालवारीपर्यंत चालता आले.

दुसऱ्या राजांच्या ग्रंथात अरामी सेनापती नामान याची कथा आहे. यार्देनमध्ये स्नान कर, असे सांगितल्यावर तो प्रथम रागावला. आमच्या दमास्कसच्या नद्या काय वाईट आहेत, असे तो म्हणाला. कोड गेल्यावर मात्र परत निघताना त्याने एक विचित्र मागणी केली : दोन खेचरांवर मावेल एवढी येथली माती मला नेऊ द्या. देव मातीत बांधलेला नाही, हे अलीशाला ठाऊक होते. तरी त्याने नामानाला हसून परतवले नाही, शांतीने जा असे म्हटले.

ही कथा आज भायखळ्यात वाचली पाहिजे. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. भाड्याच्या खोलीत तीन पिढ्या काढलेली कॅथलिक कुटुंबे विरार, कल्याण, मीरा रोड अशी पांगत आहेत. त्यांना निरोप देताना आपण म्हणतो, देव काय, सगळीकडे आहेच. हे खरे आहे, पण पुरेसे नाही. नामानाची मागणी त्यांचीही असते. त्यांच्याबरोबर काय जावे? नाताळच्या गोठ्यासाठी ताटलीत पेरलेल्या धान्याचे हिरवे अंकुर, नाक्यावरच्या क्रुसापाशी म्हटलेला रोझरी, बाप्तिस्म्याच्या कुंडाची आठवण. साहित्याचे काम ही माती बांधून देण्याचे आहे; अर्थांची यादी बांधून देण्याचे नव्हे.

म्हणून ध्यानपुस्तिका लिहिणाऱ्यांना आणि वर्ग घेणाऱ्यांना एक नम्र सूचना. स्थळ आले की लगेच ‘याचा अर्थ काय’ असे विचारू नये. तीन प्रश्न आधी विचारावेत : येथे आणखी काय काय घडले? अशी जागा मी कोठे पाहिली आहे? आणि आज येथे कोण राहते? या तीन प्रश्नांनंतर जो अर्थ सुचेल तो टिकाऊ असेल, आणि ज्याचा त्याचा असेल.

त्या मुलाचा प्रश्न विचारून झाल्यानंतरच्या रविवारी आम्ही तो तक्ता खाली उतरवला आणि मुलांना इजिप्तपुढे आणखी काय लिहिता येईल ते विचारले. उजव्या रकान्यात जागा पुरेना, तेव्हा मागच्या कोऱ्या बाजूस लिहिले. त्या मुलाने लिहिलेली ओळ होती : ‘इथे येशू लहान असताना राहिला.’ पुढच्या जूनमध्ये त्याचे कुटुंब चाळ रिकामी करून कल्याणला राहावयास गेले.